कॅम्परमध्ये दुसरी लिथियम बॅटरी जोडताना

कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत, दुसरी बॅटरी घ्यायचं मनात आलं की पैसे मोजण्याआधी आठवडाभर एक वही गाडीत ठेवा. रोज सूर्य मावळल्यावर आणि सकाळी उठल्याउठल्या बॅटरी मॉनिटरवरचा आकडा लिहा, शेजारी त्या दिवशी काय काय चाललं तेही लिहा. आमच्या ट्रॅव्हलरमध्ये १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) एकच बॅटरी होती आणि ती पुरत नाही असं आम्ही दोन वर्षं नुसतं म्हणत होतो. वही घातली तेव्हा हिशेब समोर आला. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज दिवसरात्र मिळून ४० एएच, पंखा दहा तास चालला तर २०, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून ८. आम्ही दोघंही प्रवासात काम करतो, त्यामुळे दोन लॅपटॉप चार-चार तास, इन्व्हर्टरमधली घट धरून ४२. बेरीज ११०.

छतावर ४०० वॅटची पॅनेलं आहेत. ती आडवी झोपलेली असल्यामुळे हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी त्यातून साधारण ९५ ते १०० एएच पदरात पडतात. म्हणजे ऊन असलं तरी थोडं कमीच पडतं, आणि एक दिवस ढगाळ गेला की पहाटे फ्रिज बंद पडलेला असतो.

टाकी मोठी केली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. दुसरी बॅटरी वीज तयार करत नाही, फक्त साठवते. वहीत रोजच्या रोज तूट दिसत असेल तर आधी पॅनेल वाढवा किंवा इंजिन चालू असताना चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर बसवा. एखाद-दोन ढगाळ दिवस निभावून न्यायचे असतील, किंवा इंडक्शनसारखं मोठं उपकरण चालवायचं असेल, तर मात्र दुसरी बॅटरी हाच खरा उपाय आहे. १२०० वॅटचं इंडक्शन १२ व्होल्टच्या बाजूने १०० अँपिअरच्या वर ओढतं. १०० अँपिअर मर्यादेचा बीएमएस (बॅटरीच्या आतलं, धोका दिसला की प्रवाह तोडणारं सर्किट) असलेली एकटी बॅटरी तिथे हात टेकते.

जोडी जमवताना

हा लेख लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीबद्दल आहे. कॅम्परमध्ये हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. या रसायनात ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीपेक्षा ती भडकण्याचा धोका बराच कमी. १९९७ साली हे रसायन जगापुढे मांडणाऱ्या शोधनिबंधावर जॉन गुडइनफ यांच्या बरोबरीने पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत, हे मला नेहमी आवर्जून सांगावंसं वाटतं.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. व्होल्टेज १२.८ च राहतं, क्षमता १०० ची २०० एएच होते. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून बाकीच्या टोकांवरून वीज घेतलीत तर २५.६ व्होल्ट होतील आणि गाडीतलं १२ व्होल्टचं बहुतेक सगळं सामान जळेल.

बैलजोडी जशी उंचीला, वयाला आणि चालीला सारखी बघून घेतात तशीच ही जोडी घ्यायची. कंपनी तीच, क्षमता तीच, शक्यतो मॉडेलही तेच. जुनी बॅटरी सहा-आठ महिन्यांची असेल तर निर्धास्त जोडा. दोन वर्षांची असेल तरी जोडता येते, फक्त जुनी आता खरोखर किती एएच देते ते एकदा पूर्ण चार्ज करून, पूर्ण वापरून मोजून घ्या. जुनी शिसे-आम्लाची बॅटरी मात्र लिथियमला समांतर जोडू नका, पैसे वाचत असले तरी नाही. दोघींचं चार्जिंगचं व्होल्टेज वेगळं आणि स्वभावही वेगळा.

बॅटरीसोबतच्या पुस्तिकेत दोन ओळी शोधा : समांतर जोडायला परवानगी आहे का, आणि जास्तीत जास्त किती. बहुतेक ठिकाणी चारपर्यंत चालतं. तसा उल्लेखच नसेल तर विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालतंय की" यावर जाऊ नका.

पहिली पायरी : दोघींना एका पातळीवर आणणं

नवखी माणसं हीच पायरी गाळतात. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहमच असतो. एक भरलेली आणि एक अर्धी अशा दोन बॅटऱ्या थेट जोडल्या तर भरलेलीतून अर्धीत एकदम मोठा प्रवाह धावतो. ठिणगी उडते, बीएमएस प्रवाह तोडतो, कधी कायमचा बिघडतो.

व्होल्टेज बघून अंदाज येईल असं वाटेल, पण इथे फसगत होते. या बॅटरीचं व्होल्टेज २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतं, १३.० ते १३.३ च्या आसपास. मीटरवर दोघी सारख्या दिसतात आणि आत तीस टक्क्यांचा फरक असतो. म्हणून दोघींना वेगवेगळं, पूर्ण भरा. आधी गाडीतली जुनी बॅटरी लोड बंद ठेवून भरू द्या, प्रवाह दोन-तीन अँपिअरच्या खाली येईपर्यंत. मग ती सोडवून तिच्याच जागी नवी लावा आणि त्याच चार्जरने तशीच भरा. चार्जर एकच असला की दोघींची शेवटची पातळीही एकच येते. नंतर दोघींना काही तास शांत राहू द्या आणि एकाच मल्टीमीटरने मोजा. फरक ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर जोडायला हरकत नाही.

सोडवताना क्रम पाळा

बाहेरून २३० व्होल्टची वायर घेतली असेल तर ती आधी काढा. इन्व्हर्टर बंद करा, मग सोलर पॅनेल कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) तोडा. बॅटरी आधी काढली आणि पॅनेल तसंच राहिलं तर कंट्रोलर बिघडू शकतो. त्यानंतर बॅटरीचा मायनस काढायचा, शेवटी प्लस. जोडताना उलट : प्लस आधी, मायनस शेवटी. कारण सोपं आहे. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर तो जागीच वेल्ड होईल. तेराच्या पान्याला टोक सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा. अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवून ठेवा. मंगळसूत्रही. वाकून काम करताना ते नेमकं टर्मिनलवर लोंबतं.

जागा आणि बांधणी

१०० एएचच्या बॅटरीचं वजन ११ ते १३ किलो असतं. जोराचा ब्रेक लागला तर तेवढं वजन सुटून पुढच्या सीटच्या दिशेने येतं. खाली जाड प्लाय, चारही बाजूंनी लोखंडी एल-अँगल आणि वरून दोन पट्टे, आणि हे सगळं गाडीच्या फ्लोअरला बोल्टने आवळलेलं हवं. दोन बॅटऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवा. इंजिनाजवळ नको, गॅस सिलिंडरच्या कप्प्यात तर मुळीच नको. पलंगाखालची जागा उत्तम.

केबल आणि थिंबल

माझ्या मते अख्ख्या कामाचा जीव इथे आहे. बॅटरी कारखान्यातून तपासून येते. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवायची, बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी, मात्र तुम्ही स्वतः दाबलेली असते.

१०० अँपिअरच्या बॅटरीला ३५ चौरस मिमीची, बारीक तारांची लवचिक तांब्याची केबल घ्या. तिच्या एका फुटाचा रोध ०.१५ मिलिओहम भरतो. नीट न दाबलेली थिंबल एकटी दोन मिलिओहमपर्यंत जाऊ शकते. १०० अँपिअर वाहत असताना तिथे २० वॅटची उष्णता निघते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे पलंगाखाली, गादीच्या बुडाशी, तुम्ही एक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखंच झालं.

आता हात कसा बसवायचा ते सांगते. थिंबलच्या नळीची लांबी केबलवर धरून खूण करा आणि दोन मिलिमीटर जास्त सोला. सोलताना एकही तार तुटता कामा नये. चार-पाच तारा तुटल्या तर ते टोक कापा आणि पुन्हा सोला, आळस नको. तारा पिळू नका, सरळच ठेवून आत सरकवा. थिंबलच्या नळीला बोल्टकडच्या टोकाशी असलेल्या बारीक भोकातून तांबं शेवटपर्यंत पोचलेलं दिसलं पाहिजे. मग हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलमध्ये ३५ ची डाय लावून दोनदा दाबा, आधी बोल्टच्या बाजूला, मग केबलच्या बाजूला. पक्कडीने चेपून किंवा हातोडीने ठोकून हे काम होत नाही. दाबून झालं की केबल पायाखाली धरून थिंबल दोन्ही हातांनी ओढा, अंगातला सगळा जोर लावून. सुटली तर इथे सुटलेली बरी. शेवटी हीट श्रिंक स्लीव चढवून गरम करा. टूल विकत घेणं महाग वाटत असेल तर केबलची मापं काढून इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये जा, ते थिंबला दाबून देतात. आमच्या आठही थिंबला मी पुण्यात अशाच एका ठिकाणी समोर उभी राहून करून घेतल्या.

फ्यूज आणि बसबार

मी ज्या पद्धतीवर स्थिरावले ती अशी. प्रत्येक बॅटरीच्या प्लसवरून निघालेली केबल वीतभर अंतराच्या आत स्वतःच्या १२५ अँपिअर फ्यूजमध्ये जाते, तिथून प्लसच्या बसबारवर, म्हणजे अनेक केबली बोल्टने एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवर. दोघींचे मायनस मायनसच्या बसबारवर. दोन्ही प्लस केबली एकाच लांबीच्या, दोन्ही मायनस केबली एकाच लांबीच्या. एक बॅटरी बसबारला खेटून असली तरी तिची केबल आखूड करायची नाही, थोडी वळवून बसवायची. रोध सारखा राहिला तरच दोघी सारखं ओढतात. नाहीतर जोडीतला एकच बैल राबत राहतो आणि लवकर थकतो.

बसबारला जागाच नसेल तर तिरकी जोडणी करा. दोघींचे प्लस एकमेकींना, मायनस एकमेकींना, आणि गाडीकडे जाणारी मुख्य प्लस केबल पहिल्या बॅटरीवरून, मुख्य मायनस दुसरीवरून. दोन्ही मुख्य केबली एकाच बॅटरीवरून घेतल्या तर लांबच्या बॅटरीच्या वाटेत जोडकेबलींचा रोध जास्तीचा येतो. तिरक्या जोडणीतही प्रत्येक प्लसवर स्वतंत्र फ्यूज हवाच. एका बॅटरीत बिघाड झाला तर दुसरी तिच्यात प्रवाह ओतू लागते, त्या वेळी हाच फ्यूज वाचवतो.

फ्यूजवर अँपिअरच्या जोडीला आणखी एक आकडा असतो : तो किती मोठा शॉर्टसर्किट प्रवाह तोडू शकतो. लिथियमचा शॉर्ट हजारो अँपिअरचा असतो. गाडीच्या ऑडिओसाठी मिळणारे स्वस्त फ्यूज अशा वेळी आतून उडतात पण मधल्या ठिणगीतून प्रवाह चालूच राहतो. क्लास-टी प्रकारचा फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो. मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर बॅटरीच्या टर्मिनलवर बसणारा, १०,००० अँपिअर क्षमतेचा फ्यूज घ्या. घरातल्या बोर्डातली साधी एमसीबी इथे लावू नका. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तिच्यातली ठिणगी विझते. डीसीला तसं शून्य नसतं.

१५०० वॅटचा इन्व्हर्टर असेल तर बसबारपासून त्याच्यापर्यंत ५० चौरस मिमीची केबल आणि २०० अँपिअरचा फ्यूज ठेवा. दोन बॅटऱ्या म्हणून २०० अँपिअर ओढता येतील असं कागदावर दिसतं. मी मात्र दीडशेच्या वर जात नाही, कारण वाटणी कधीच तंतोतंत निम्मी नसते.

मायनस शंटमधूनच

जानेवारीच्या अखेरीस आम्ही दापोलीजवळ कर्द्याला किनाऱ्यालगत मुक्काम केला होता. पहाटे चारला फ्रिजची घरघर थांबली आणि त्या शांततेनेच जाग आली. मॉनिटर ५२ टक्के दाखवत होता आणि गाडीत एक दिवा लागत नव्हता. मोबाइलच्या उजेडात पलंगाखाली शिरून मी काळी केबल बोटाने चाचपत गेले. पहिल्या बॅटरीचा मायनस शंटवर, म्हणजे मॉनिटरसाठी प्रवाह मोजणाऱ्या तुकड्यावर, गेलेला होता, दुसरीचा थेट चॅसीच्या बोल्टवर. घाईच्या एका संध्याकाळी मीच तो तिथे आवळला होता, जवळचा बोल्ट म्हणून. दुसऱ्या बॅटरीतून गेलेली वीज शंटने कधी पाहिलीच नव्हती. दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या झाल्या होत्या आणि मॉनिटरने निम्माच खर्च मोजला होता. फ्रिजमध्ये आईसाठी घेतलेली सुरमई होती, ती दुपारपर्यंत गेली.

म्हणून नियम पक्का लक्षात ठेवा. दोन्ही मायनस बसबारवर, बसबारवरून एकच केबल शंटच्या बॅटरीकडच्या टोकाला. इन्व्हर्टर, चार्जर, सोलर, चॅसी हे सगळं शंटच्या दुसऱ्या टोकाला. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर दुसरी कसलीही वायर नको, अगदी मोबाइल चार्जरचीही.

इन्व्हर्टर जोडताना त्याचे कपॅसिटर एकदम भरतात आणि ठिणगी पडते. मुख्य स्विच चालू करण्याआधी त्याच्या दोन टोकांमध्ये इंडिकेटरचा १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब काही सेकंद धरा. बल्ब क्षणभर उजळून विझतो. विझला की स्विच चालू करा. तो उजळलेलाच राहिला तर कुठेतरी लोड चालू आहे किंवा शॉर्ट आहे, आधी ते शोधा.

सेटिंग

मॉनिटरमध्ये क्षमता १०० ची २०० करा, बॅटरी पूर्ण भरल्यावर आकडा १०० टक्क्यांवर आणा. चार्जिंग एफिशियन्सी ९९ टक्के, प्यूकर्ट १.०५. सोलर कंट्रोलर आणि चार्जरवर अॅब्सॉर्प्शन १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट १३.५. इक्वलायझेशन बंद. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोयही बंद, ती शिसे-आम्लासाठी असते. पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर पुस्तिकेचं ऐका.

इंजिनाच्या अल्टरनेटरवरून दोन्ही बॅटऱ्या नुसत्या रिलेने थेट जोडू नका. रिकामी लिथियम मागेल तेवढा प्रवाह घेते, दोन असल्या की आणखी, आणि अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. ३० अँपिअरचा चार्जर २०० एएच रिकाम्यापासून भरायला सात तास घेतो, जवळपास पुणे ते रत्नागिरी एवढा प्रवास.

जोडणी तपासायची कशी

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्या. इन्व्हर्टरवर १००० वॅटची किटली लावा. एकूण प्रवाह ९० अँपिअरच्या आसपास दिसेल. आता प्रत्येक बॅटरीच्या प्लस केबलवर क्लॅम्प लावा. ४५-४५, किंवा ४७-४३ आलं तर काम चोख. ६०-३० आलं तर थांबा. किटली चालू असतानाच मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर आणि दुसरं त्याच्यावर बसलेल्या थिंबलवर टेकवा. काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. एखाद्या जोडावर ५०-६० दिसले की चोर सापडला : सैल बोल्ट, टर्मिनल आणि थिंबलच्या मध्ये चुकून आलेला वॉशर, किंवा कच्ची क्रिंप. टर्मिनलवर थिंबल थेट बसते, वॉशर तिच्या वर. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा. जोर जास्त झाला तर टर्मिनलच्या आतले आटे जातात. पंधरा मिनिटांनी लोड बंद करून प्रत्येक जोड हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

कोकणात गाडी वारंवार नेत असाल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची केबल घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा पातळ हात द्या, थिंबलच्या खाली नको. लेह किंवा स्पितीला निघणार असाल तर शून्य अंशाखाली चार्जिंग होता कामा नये, कारण त्या थंडीत लिथियम धातूच्या रूपात आत साचतं आणि बॅटरी कायमची बाद होते. बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का ते निघण्याआधी बघा. नसेल तर रात्री पॅनेलचा स्विच बंद करून झोपा आणि सकाळी गाडी आतून ऊबदार झाल्यावरच चालू करा. वीज वापरायला मात्र थंडीत हरकत नाही. विदर्भात मे महिन्यात गाडी उन्हात बंद ठेवायची वेळ आली तर पलंगाखालचं दार उघडं ठेवा.

काम झाल्यावर विमा कंपनीला दुसरी बॅटरी आणि तिची क्षमता ईमेलने कळवा आणि पोच जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि दाव्याच्या वेळी गाडीचे कागद आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक दिसला की अडचण होते. २३० व्होल्टच्या बाजूला हात लावायचा असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावा.

पहिल्या चार-पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा तपासा. घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी एखादा पाव फेरा सैल झालेला असतोच. प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर थिंबलपर्यंत मार्करने एक पांढरी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.